तारेच्या आतलं गायरान

"ही साडी सोडा."

हॉटेलच्या बाथरूममध्ये संस्थेच्या मॅडम एवढंच म्हणाल्या आणि दाराला आतून कडी लावली.

मी नवी साडी नेसून आले होते. मोरपंखी, लाल काठाची. पाचोडच्या बाजारात घेतलेली. शेजारणीची इस्त्री मागून आणून माझ्या पोरीनं ती फिरवली होती. मला संभाजीनगरला बोलायला बोलावलं होतं. जालना रोडवरच्या मोठ्या हॉटेलात, बाहेरदेशच्या पाहुण्यांपुढं. आमच्या बायांच्या गटाला ज्यांनी मदत दिली, तेच हे पाहुणे. मग काय फाटकं नेसून जायचं?

मॅडमनी पिशवीतून एक विटकं लुगडं काढलं. नऊवारी. कडेला उसवलेलं. कुणाचं होतं कुणास ठाऊक. घामाचा वास येत होता.

"पाहुण्यांना खरं गाव बघायचंय, ताई. ह्या साडीत तुम्ही फारच ठीकठाक दिसता."

ठीकठाक. धनगराची बाई ठीकठाक दिसली, हा गुन्हा.

"मॅडम, मी नऊवारी कधी नेसली नाय."

"मी मदत करते ना."

केली त्यांनी मदत. आपल्या हातानं नेसवलं. डोक्यावर पदर ओढला. टिकली काढून मोठं कुंकू लावलं. चपला बाहेरच राहू द्या म्हणाल्या. आरशात एक बाई दिसली. माझ्या वस्तीत असली बाई मी कधी बघितली नव्हती.

हॉल गार होता. अनवाणी पाय फरशीवर गारठले. मॅडम मोठ्या पडद्यापुढं उभ्या राहून इंग्रजीत बोलत होत्या आणि मी त्यांच्या बाजूला. माझ्याकडं हात केला की पाहुणे फोटो काढायचे. दोन-तीनदा माझ्याकडं हात झाला. मग पुढच्या रांगेतली एक पांढऱ्या केसांची बाई उठली, माझ्या डोळ्यांत बघून काहीतरी विचारलं. मॅडमनी मराठीत सांगितलं, "विचारतायत, ताईंना स्वतःला काय सांगायचंय?"

मी म्हणाले, "आमच्या गावचं गायरान तात्यासाहेबांनी तार मारून घेतलं. मेंढरं चारायला जागा नाय राहिली. आम्ही ग्रामसभेत हे विचारलं, म्हणून आम्हाला धमक्या येतात."

मॅडमनी ते इंग्रजीत सांगितलं. लई लांब सांगितलं. मी दहावीपर्यंत शिकले आहे. सगळं नाही कळलं, पण शेवटचे दोन शब्द कळले. व्हेरी हॅपी.

पांढऱ्या केसांची बाई हसली. टाळ्या वाजल्या.

धमकी सांगितल्यावर टाळ्या वाजलेल्या मी ऐकल्यात.

आता आमचं गाव सांगते. पाचोडपासून आत, जीपनं जावं लागतं. गावात बागायतदारांची घरं, मोसंबीच्या बागा, पोरं शहरात नोकरीला. गावाबाहेर आमची धनगर वस्ती. माझा नवरा मेंढरं राखतो. त्याचा बाप राखायचा, त्याचाही बाप. गावाच्या वरच्या अंगाला गायरान. सगळ्या गावाचं. तिथं आमची मेंढरं, दुसऱ्यांची शेरडं, गावातल्या गरिबांच्या गाई. कुणाला विचारायची गरज नव्हती.

तात्यासाहेब गावातले मोठे. आधी त्यांनी गायरानाचा एक कोपरा धरला. मोसंबी लावली. कुणी बोललं नाही. मग कोपरा सरकत गेला. बोअर पडला. खांब रोवले गेले. एका सकाळी नवरा मेंढरं घेऊन गेला तसाच परत आला.

"तार हाय," म्हणाला. मेंढरं दारात उभी राहून ओरडत होती.

त्याच सुमारास शहरातल्या संस्थेचे लोक गावात यायला लागले. संस्थेचे मुख्य ते सर, आणि त्यांच्या हाताखाली ह्या मॅडम. बाहेरदेशातून छोटी मदत आली होती. छोट्या गटांसाठी. गावातल्या बायांनी ग्रामसभेला जावं, बोलावं, गावाच्या कारभारात भाग घ्यावा, ह्यासाठी. सरांचा आवाज गोड. आमच्या वस्तीत मांडी घालून बसले, काळा चहा प्याले. म्हणाले, "ताई, लोकशाही म्हणजे काय? तुमचा आवाज."

खोटं कशाला बोलू, मला ते लई भारी वाटलं. माझ्या जन्मात कुणी मला म्हणालं नव्हतं की तुझा आवाज पाहिजे. आमच्याकडं ग्रामसभा कशी व्हायची? शिपाई घरी यायचा, अंगठा घेऊन जायचा. सभा झाली. मला सही करता येते, तरी मला पण अंगठाच मागायचा.

गट झाला. वस्तीवरच्या बाया आल्या, गावातल्या काही आल्या. शबाना आली. तिचा नवरा गावात गाद्या भरायचा, तो वारला, आता ती भरते. तिच्याकडं दोन शेरडं होती, त्यामुळं गायरान तिचंही गेलं होतं. मदतीतून आम्ही एक स्पीकर घेतला, माईकवाला. एक मोठी सतरंजी घेतली. एकदा जीप करून पैठणला तहसीलला जाऊन आलो. शाळेपुढं ग्रामसभा भरली तेव्हा आम्ही सतरंजी टाकून पुढं बसलो. गावानं असं कधी बघितलं नव्हतं. पहिल्या सभेत नळाचं विचारलं. दुसऱ्या सभेत रेशनचं विचारलं. सरांनी फोटो काढले. लई खूश होते.

तिसऱ्या सभेत मी माईक हातात घेतला आणि विचारलं, "गायरानाला तार कुणाच्या हुकमानं पडली?"

माईकचा आवाज शाळेच्या भिंतीवर आपटून परत आला. ग्रामसेवकानं पेन खिशात ठेवलं. तात्यासाहेब पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. चिडले नाहीत. माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली, जशी ओळखीच्या माणसाला हलवतात.

त्या दिवशी सरांनी फोटो काढले नाहीत.

मग सुरू झालं. काय सुरू झालं ते बोटानं दाखवता येत नाही, हीच त्यातली गोम.

वस्तीच्या वळणावर एक पांढरी गाडी उभी राहायला लागली. दिवसाढवळ्या. काचा बंद. कुणी उतरायचं नाही. इंजिन चालू. तास-दीड तास उभी राहायची आणि निघून जायची. पोरं खेळायची थांबायची. कुत्री आधी भुंकायची, मग भुंकेनाशी झाली.

दुकानदार म्हणायला लागला, तेल संपलं. त्याच्यामागं तेलाचे डबे मला दिसत होते. पाचोडची जीप गावात भरून यायची, वस्तीच्या थांब्यावर थांबायची नाही. ड्रायव्हर ओळखीचा. रोजचा. तो माझ्याकडं बघायचाच नाही.

एका दुपारी नवरा पळत आला. तारेच्या कडेला खड्ड्यात पाणी साचलं होतं, तिथं मेंढरं पाणी प्याली. मी गेले तोपर्यंत काही आडवी झाली होती. तोंडाला फेस. एक गाभण होती, तिचे पाय हलत होते. पाण्याला फवारणीच्या औषधाचा वास येत होता. तारेच्या आत बाग हिरवीगार आणि बागेत एकही माणूस नाही. फवारणी नाही, पंप नाही, काही नाही. मग खड्ड्यात औषध आलं कुठून?

पोलिसांत गेलो. ते म्हणाले, "पाणी कुणी पाजलं? तुम्हीच ना?"

आणि मग बाजार. रविवार होता. मी कांदे निवडत होते. शेजारी एक माणूस येऊन उभा राहिला. मी त्याला कधी बघितलं नव्हतं. स्वच्छ कपडे, गळ्यात रुमाल. त्यानंही एक कांदा उचलला, दाबून बघितला.

"सोनाली अकरावीला ना?" म्हणाला. "सकाळच्या एसटीनं जाती. खिडकीला बसती."

कांदा परत ढिगावर ठेवला आणि निघून गेला.

माझ्या पोरीचं नाव त्यानं इतक्या मायेनं घेतलं, की एखाद्याला वाटावं मामाच आहे तिचा. माझ्या हातातली पिशवी कधी पडली ते मला कळलं नाही. कांदेवाली म्हणाली, "बाई, कांदे गेले बघ तुझे." मी तशीच घरी आले. सोनाली ओट्यावर बसून अभ्यास करत होती. तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "काय नाय."

हे सगळं मी सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ताई, घाबरू नका, आपण बघू. आधी पाहुणे येतायत, तो कार्यक्रम नीट पार पडू द्या." म्हणून मी त्या हॉटेलात गेले होते. मला वाटलं, तिथं सांगू. तिथं मोठी माणसं आहेत, ऐकतील.

व्हेरी हॅपी.

कार्यक्रमानंतर आठवडाभरात सर स्वतः वस्तीवर आले. गाडीतून उतरले नाहीत. काच खाली करून म्हणाले, "बसा ताई. जरा तात्यासाहेबांकडं जाऊन येऊ. बोललं की विषय मिटतो."

सासू दारात उभी होती. मी तिला आत्याबाई म्हणते. ती म्हणाली, "एकली जाऊ नको." सर हसले. "मी आहे ना सोबत."

तात्यासाहेबांचा बंगला नवा. हॉलमध्ये मोठा सोफा, फरशी अशी की तोंड दिसावं. सर सोफ्यावर बसले. तात्यासाहेब समोर. त्यांचा भाचा दाराला टेकून उभा. गळ्यात रुमाल. बाजारात कांदा दाबून बघणारा तोच.

मला कुणी बस म्हणालं नाही. कुणी उभी राहा पण म्हणालं नाही. सगळे नुसते दाराजवळच्या जागेकडं बघत राहिले. तिथं चपला काढलेल्या होत्या. मी तिथं बसले. जागा दाखवावी लागली नाही, हीच तर पिढ्यानपिढ्यांची शिकवण.

मोसंबी सोलून आली. बशीत फोडी, वर मीठ. तात्यासाहेबांनी बशी सरांपुढं सरकवली.

"घ्या. वरच्या रानातली हाय. औंदा गोडी चांगली उतरली."

वरचं रान. म्हणजे गायरान. सरांनी फोड उचलली. तोंडात घातली. "वा," म्हणाले. बी हातात काढली.

माझ्या मेंढरांच्या तोंडाचा फेस माझ्या डोळ्यांपुढं आला. सर दुसरी फोड घेत होते.

तात्यासाहेब माझ्याकडं वळले. आवाज एकदम साधा. घरच्यासारखा.

"पोरगी हुशार हाय म्हणं तुझी. शिकू दे. पोरींनी शिकलं पायजे. काय सर?"

"अगदी," सर म्हणाले.

"जपावं लागतं पण. दिवस बरे नायत."

भाच्यानं पाठ काढून दाराच्या दुसऱ्या बाजूला टेकवली. सर मोबाईलमध्ये बघत होते. ऐकू आलं होतं त्यांना. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सर, तुमच्या ट्रेनिंग सेंटरच्या जागेचं पुढच्या महिन्यात करून टाकू," तात्यासाहेब म्हणाले. "रोडटच देतो. समाजकार्याला जागा द्यायची तर चांगली द्यावी."

तेव्हा मला कळलं. कुणाला फोडून सांगावं लागलं नाही. बाहेरदेशच्या लोकांनी आमच्यासाठी मदत पाठवली. ती सरांच्या हातातून आली. सरांना सेंटरला जागा पाहिजे. जागा तात्यासाहेबांकडं. आणि तात्यासाहेबांना गायरान पाहिजे. एवढंच होतं. आमचा आवाज सगळ्यांना पाहिजे होता, फक्त त्यात तात्यासाहेबांचं नाव नको होतं.

सर म्हणाले, "ताई, आपलं काम लोकसहभागाचं आहे. भांडणाचं नाही. मदत देणाऱ्यांना पण वाद चालत नाही. तुम्ही दोन वाक्यं बोला, मी व्हिडिओ करतो, गावाच्या ग्रुपवर टाकू. गैरसमज झाला होता, आम्ही प्रश्न मागं घेतो. बस."

"आणि माफी," भाचा दारातून म्हणाला.

"हां, माफी. तेवढं बोलून टाका. तुमच्याच सुरक्षिततेसाठी सांगतोय."

त्यांनी मोबाईल माझ्याकडं धरला. वरून. मी खाली बसलेली, चपलांत. म्हणाले, "जरा पदर घ्या डोक्यावर. बरं दिसतं."

मला भीती वाटत होती. शूर होते असं मी म्हणणार नाही. सोनालीची एसटी डोळ्यांपुढं होती, तिची खिडकी होती. पण पदर घ्या म्हटल्यावर आत काहीतरी थांबलं. ह्या माणसांना मी खालीच पाहिजे. हॉटेलात अनवाणी, इथं चपलांत. मला उभं करणार हेच, झाकणार हेच, माझ्या तोंडात शब्द घालणार हेच. आणि पोरीचं नाव घेऊन भीती दाखवणारे ह्यांच्याच समोर बसलेले. मी आज माफी मागितली तर पोरगी सुटंल का? नाही सुटणार. तिचं नाव त्यांच्या तोंडात कायमचं राहील. उद्या दुसरं काही मागायचं असलं की पुन्हा तेच नाव घेतील.

मी विचारलं, "चालू हाय का ते?"

"हो, बोला."

मी उठले. उभी राहून बोलले. पदर खांद्यावरच राहू दिला.

"गायरान गावाचं हाय. तात्यासाहेबांनी तार काढावी. आमच्या मेंढरांच्या पाण्यात औषध कुणी टाकलं ते मला ठाऊक हाय. मी माफी मागत नाय. आणि माझ्या सोनालीच्या केसाला धक्का लागला, तर आत्ता ह्या हॉलमधी जी माणसं बसलीत त्यांनी लावला. तात्यासाहेब, त्यांचा भाचा. आणि हा व्हिडिओ काढणारे सर."

सरांचा हात खाली आला. घाईघाईनं ते मोबाईलवर बोट दाबत राहिले. पुसत होते. पुसा म्हटलं. बोललेलं काय पुसता येतं?

भाचा दारातून पुढं आला. तात्यासाहेबांनी हात वर केला, तो थांबला. ते हसले.

"जा," म्हणाले. "नीट जा. रस्ता खराब हाय."

सरांनी मला गाडीत घेतलं नाही. मी चालत निघाले. मागून पाचोडची जीप आली, हळू झाली, माझ्या बरोबरीनं चालली आणि पुढं निघून गेली. वळणावर पांढरी गाडी उभी होती. काच बंद. मी तिच्या अगदी जवळून गेले. काचेत माझंच तोंड दिसलं.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं शिव्या देईल. तो बिडी ओढत बसला. मग म्हणाला, "बोलून बसलीस. आता मागं फिरू नको. फिरलीस तर जास्त मारतील."

सगळ्या सभांमध्ये, सगळ्या ट्रेनिंगांमध्ये एवढं खरं मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात संस्थेचा माणूस टेम्पो घेऊन आला. स्पीकर नेला, माईक नेला, सतरंजी झटकून घडी करून नेली. म्हणाला, कार्यक्रम बंद झाला. गटातल्या बाया एकेक करून तुटल्या. कुणाचा नवरा तात्यासाहेबांच्या बागेत रोजंदारीवर, कुणाचं घरकुल अडलेलं. मी त्यांना बोल लावत नाही. माझ्याकडं बघायचं टाळतात, ते मात्र बोचतं. नवरा उरलेली मेंढरं घेऊन गंगापूरच्या अंगाला गेला. इथं चारा नाही, पाण्याचा भरवसा नाही. आता घरात मी, सोनाली आणि आत्याबाई.

आत्याबाई म्हणाली, "पोरीला घरी बसव."

सोनालीच म्हणाली, "मी नाय बसणार."

तेवढ्यात शबाना आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. दाराशी उभी राहून म्हणाली, "मैं जाती उसके साथ एसटी में. रोज. मेरेकू क्या करते? करे तो करे." दुसऱ्या दिवसापासून ती गादीचं काम दुपारवर ढकलून पोरीबरोबर जाते. खिडकीला शबाना बसते. पोरगी आतल्या बाजूला.

झेंडावंदनानंतरच्या ग्रामसभेला आम्ही गेलो. मी, शबाना, आत्याबाई, आणि चौघी-पाचजणी. सतरंजी नाही, मातीतच बसलो. मी उठले, माईक नव्हता, ओरडून विचारलं. गायरानाला तार कुणाच्या हुकमानं? मागून एकजण हसला, "सर कुठं गेले गं तुझे?" ग्रामसेवकानं माणसं मोजायचं नाटक केलं आणि कोरम नाही म्हणाला. सभा तहकूब. खुर्च्या उचलल्या गेल्या.

परत येताना वस्तीवर कळलं, आमच्या घराच्या कुडाला, काट्याकुट्यांच्या भिंतीला, कुणीतरी काडी लावली होती. शेजारच्यांनी विझवली. अर्धा कूड गेला. बाकी घर उभं आहे. ओली राख दारात पडली होती आणि वळणावरची गाडी त्या दिवशी नव्हती. गाडी नसली की जास्त भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं.

आता तहकूब सभा येत्या आठवड्यात आहे. तारीख फळ्यावर लिहिली आणि संध्याकाळी पुसली, पण शबानानं बघून ठेवली आहे. ह्या वेळेला मला कुणी मदत दिलेली नाही, कुणी जीप केलेली नाही, कुणी फोटो काढायला येणार नाही. आवाज तेवढा माझा आहे आणि तो परत नेण्यासाठी टेम्पो येऊ शकत नाही.

मी जाणार आहे. पहिल्या रांगेत, तात्यासाहेबांच्या खुर्चीशेजारी बसणार आहे. तोच प्रश्न विचारणार आहे. उत्तर मिळेपर्यंत उठणार नाही. मला उठवायचं असेल तर त्यांना माझ्या अंगाला हात लावावा लागेल. दिवसाउजेडी. सगळ्या गावासमोर.

लावून बघावा.